शंका कोणाची, पैसा कोणाचा

गेल्या दिवाळीत माझ्या भाचीने मला एक प्रश्न विचारला. ती बंगळूरला ढगांवर संशोधन करते. पीएच.डी.चे तिसरे वर्ष चालू आहे, सरकारी शिष्यवृत्तीचे पैसे चार-चार महिने येत नाहीत, आणि अशात एका ऊर्जा कंपनीने तिच्या विभागातल्या दोन विद्यार्थ्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊ केली होती. फराळाची बशी बाजूला सारून ती म्हणाली, "मामा, घेऊ का रे? अर्धे लोक म्हणतात, कोळशाचा पैसा आहे, हात लावू नकोस. अर्धे म्हणतात, पैसा तो पैसा, काम तर आपलंच आहे."

मी लगेच उत्तर दिले नाही. आमच्या घरात प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला मी एकटाच, म्हणून तिने मला विचारले. बडोद्यात राहून मी एकतीस वर्षे खासगी प्रयोगशाळांत पाण्याचे नमुने तपासले. कंपनीच्या पैशाने काम करताना काय होते हे मला ठाऊक होते. पण ते ज्या प्रसंगामुळे ठाऊक होते, तो मी घरात कधी सांगितला नव्हता.

१९९४ साली एका रसायनांच्या कारखान्याने आमच्या प्रयोगशाळेला आसपासच्या गावांतल्या विहिरींचे पाणी तपासायचे काम दिले. नमुने मी स्वतः आणले, चाचण्या मी केल्या. बहुतेक विहिरींत क्रोमियम मर्यादेच्या वर होते, आणि कारखान्याच्या जवळ जावे तसे ते वाढत होते. मी तसा अहवाल लिहून दिला. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावले. आकडा एकही बदलायचा नाही, असे त्यांनी आधीच सांगून टाकले. फक्त निष्कर्षाच्या जागी एक वाक्य घालायचे होते: प्रदूषणाच्या उगमाबाबत निश्चित विधान करण्यापूर्वी अधिक अभ्यासाची गरज आहे. मी ते वाक्य लिहिले आणि खाली सही केली. वाक्य खोटे नव्हते. अधिक अभ्यासाची गरज विज्ञानात कधी नसते? पण तो पुढचा अभ्यास कोणी करवलाच नाही. ज्यांनी करवायचा, त्यांचे काम त्या वाक्यानेच भागले होते.

२०१५ च्या सप्टेंबरात 'इनसाइड क्लायमेट न्यूज' या अमेरिकी वृत्तसंस्थेने एक्सॉन या तेल कंपनीच्या जुन्या अंतर्गत कागदांवर आधारलेली लेखमाला सुरू केली. ती वाचताना माझे ते वाक्य मला पुन्हा भेटले, मोठ्या कागदावर आणि मोठ्या खर्चाने लिहिलेले. तेव्हापासून मी हा इतिहास जमेल तसा वाचत आलो आहे. भाचीला शेवटी जे उत्तर दिले ते या वाचनातून आले, म्हणून आधी इतिहास सांगतो.

*

१९७७ च्या जुलै महिन्यात जेम्स ब्लॅक हे एक्सॉनचे ज्येष्ठ शास्त्रज्ञ कंपनीच्या व्यवस्थापन समितीपुढे उभे राहिले. त्यांनी सांगितले की माणूस पृथ्वीच्या हवामानावर परिणाम करत असेल तर तो बहुधा कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि यावर शास्त्रज्ञांचे साधारण एकमत आहे. पुढच्या वर्षी त्यांनी तपशील लिहून दिला. हवेतला हा वायू दुप्पट झाला तर जगाचे सरासरी तापमान दोन ते तीन अंश सेल्सिअसने वाढेल, ध्रुवांकडे त्याहून बरेच जास्त. ऊर्जेच्या धोरणाबाबत कठीण निर्णय घ्यायला पाच ते दहा वर्षांचा अवधी आहे, असेही त्यांनी नोंदवले.

कंपनीने हे कागद कपाटात टाकले नाहीत. १९७९ साली तिने 'एस्सो अटलांटिक' या आपल्या अवाढव्य तेलवाहू जहाजावर हवेतला आणि समुद्राच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणे बसवली. मेक्सिकोचे आखात ते इराणचे आखात अशा फेऱ्या करणाऱ्या या जहाजाने वाटेत अटलांटिकचे आणि हिंदी महासागराचे पाणी मोजले. प्रश्न महत्त्वाचा होता. माणूस जेवढा वायू सोडतो त्यातला काही भाग समुद्र शोषून घेतो. तो किती शोषतो हे कळले तर हवेत किती उरणार हे कळेल. कोलंबिया विद्यापीठाच्या लॅमाँट-डोहर्टी वेधशाळेतील तारो ताकाहाशी आणि वॉलेस ब्रोकर यांच्यासारखे नावाजलेले शास्त्रज्ञ या कामात सहभागी होते. तीन वर्षांत कंपनीने दहा लाख डॉलरहून अधिक खर्च केला.

याच काळात एक्सॉनच्या शास्त्रज्ञांनी हवामानाची गणिती प्रारूपे तयार केली आणि विद्यापीठांतल्या लोकांबरोबर शोधनिबंध लिहिले. हे निबंध परीक्षकांनी तपासून रीतसर छापले गेले. १९८२ च्या नोव्हेंबरात कंपनीच्या पर्यावरण विभागाने व्यवस्थापनासाठी एक टिपण तयार केले. त्यातल्या आलेखात २०१९ या वर्षाजवळ पाहिले तर हवेतल्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे साधारण ४१५ भाग आणि तापमानात सुमारे ०.९ अंशांची वाढ दिसते. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत २०१९ सालची सरासरी सुमारे ४११ भाग भरली, आणि तापमानवाढ एक अंशाच्या आसपास होती. सदतीस वर्षे आधी काढलेल्या रेषेसाठी हे फार जवळचे आहे.

या प्रकरणावर चिडून बोलणारे लोक बहुधा हा भाग पटकन ओलांडून पुढे जातात. मला मात्र तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तेलाच्या पैशातून उत्तम विज्ञान झाले होते. त्या शास्त्रज्ञांचा पगार पेट्रोलच्या विक्रीतून येत होता, आणि त्यांनी काढलेला निष्कर्ष पेट्रोलच्या विरोधात जाणारा होता. कंपनीचा हेतू साधुसंतांचा होता असे नाही. पुढे नियम येणार असतील तर ते ठरवताना आपला शब्द वजनदार असावा आणि त्यासाठी आपल्याकडे खरे आकडे असावेत, असा तो व्यवहारी विचार होता. पण त्या व्यवहाराला खऱ्या आकड्यांची गरज होती.

ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव उतरले, खर्चाला कात्री लागली. जहाजावरचे मोजमाप १९८२ साली थांबले. गणिती प्रारूपांचे काम लहान प्रमाणात चालू राहिले.

*

१९८८ साली वारा बदलला. २३ जून रोजी नासाचे जेम्स हॅन्सन यांनी अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे सांगितले की तापमानवाढ सुरू झालेली आहे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आयपीसीसी हे हवामानबदलाचा आढावा घेणारे आंतरसरकारी मंडळ स्थापन झाले. प्रश्न प्रयोगशाळेतून बाहेर पडून कायद्याच्या दारात आला. १९८९ साली तेल, कोळसा, वीज आणि मोटारउद्योगांतल्या कंपन्यांनी व त्यांच्या संघटनांनी मिळून 'ग्लोबल क्लायमेट कोअलिशन' नावाची आघाडी उभी केली. हवामानाचे विज्ञान अजून अनिश्चित आहे, तेव्हा उत्सर्जनावर बंधने घालण्याची घाई नको, हा तिचा प्रचार.

या आघाडीचे स्वतःचे तांत्रिक सल्लागार मंडळ होते. १९९५ साली त्या मंडळाने सभासदांसाठी विज्ञानाची ओळख करून देणारा मसुदा लिहिला. हरितगृह परिणामाचे शास्त्र पक्के आहे आणि ते नाकारता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. विरोधी मत मांडणाऱ्या शास्त्रज्ञांच्या युक्तिवादांवर त्यात वेगळा भाग होता. ते युक्तिवाद उत्सर्जनाच्या परिणामाविरुद्ध पटण्याजोगे कारण देत नाहीत, असा त्या भागाचा निर्वाळा होता. अंतिम प्रतीतून हा भाग काढून टाकण्यात आला. २००९ साली एका खटल्यातून बाहेर आलेल्या कागदांच्या आधारे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही गोष्ट छापली. म्हणजे आघाडी बाहेर ज्या शंका मांडत होती, त्या शंकांचे उत्तर तिच्याच शास्त्रज्ञांनी तिला लिहून दिले होते.

१९९७ च्या ऑक्टोबरात, क्योतोच्या परिषदेला काही आठवडे उरले असताना, एक्सॉनचे प्रमुख ली रेमंड यांनी बीजिंगच्या जागतिक पेट्रोलियम परिषदेत भाषण केले. वीस वर्षांपूर्वीपेक्षा पृथ्वी आज थंड आहे, असे त्यांनी सांगितले. उपाय आता केले काय आणि वीस वर्षांनी केले काय, पुढच्या शतकाच्या मध्यावरच्या तापमानात फारसा फरक पडणार नाही, असेही ते म्हणाले. १९९७ मधून वीस वजा केले की १९७७ उरते, ब्लॅक यांच्या निवेदनाचे वर्ष. आणि हे भाषण आशियात होते, विकसनशील देशांनी अशा धोरणांच्या मागे लागू नये असे सांगणारे. श्रोत्यांत आपणही धरलेले होतो.

१९९८ साली अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने डझनभर लोकांच्या गटाने प्रचाराचा आराखडा लिहिला. तो लगेच फुटला आणि वर्तमानपत्रात आला. सामान्य नागरिकाला हवामानशास्त्रातल्या अनिश्चितता उमगतील तेव्हा विजय मिळाला असे समजावे, हे त्याचे सूत्र. त्यात एक कलम असे होते: पाच स्वतंत्र शास्त्रज्ञ शोधून त्यांना माध्यमांसमोर बोलण्याचे शिक्षण द्यावे, आणि ते या वादात पूर्वी फारसे न दिसलेले असावेत. हे कलम मी दोनतीनदा वाचले. शास्त्रज्ञ स्वतंत्र हवा होता, पण तो काय बोलणार हे आधीच ठरलेले होते.

*

हा मार्ग नवा नव्हता. सिगारेटच्या कंपन्यांनी तो १९५० च्या दशकात आखला होता. धूम्रपानाने फुफ्फुसाचा कर्करोग होतो असे अभ्यास येऊ लागल्यावर १९५४ च्या जानेवारीत त्यांनी अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांत मोठे निवेदन छापले: पुरावा निर्णायक नाही, आम्ही संशोधनाला पैसा देऊ. आणि पैसा दिलाही. अधिक अभ्यासाची गरज आहे, हे वाक्य त्यांनी चार दशके चालवले.

दोन्ही कथांना जोडणारा एक माणूस आहे. फ्रेडरिक साइट्झ हे घन पदार्थांच्या भौतिकीतले मोठे नाव, अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे माजी अध्यक्ष. १९७९ पासून ते आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचे सल्लागार झाले आणि सहा वर्षांत साडेचार कोटी डॉलरचे वैद्यकीय संशोधन अनुदान वाटण्याचे काम त्यांनी पाहिले. १९८४ साली त्यांनी दोन भौतिकशास्त्रज्ञांसह जॉर्ज मार्शल इन्स्टिट्यूट स्थापन केली. ती पुढे हवामानशास्त्राला विरोध करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक बनली.

आयपीसीसीच्या दुसऱ्या अहवालात, पुराव्यांचा कौल पाहता हवामानावर मानवी प्रभाव ओळखू येतो, असे पहिल्यांदा म्हटले गेले. त्या प्रकरणाचे प्रमुख लेखक बेन सँटर तेव्हा चाळिशीत होते. १२ जून १९९६ रोजी साइट्झ यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये लेख लिहून आरोप केला की मान्य झालेल्या मजकुरात मागाहून फेरफार करण्यात आले. ते बदल परीक्षकांच्या सूचनांप्रमाणे आणि मंडळाच्या रीतीप्रमाणे झाले होते. सँटर यांच्यासह चाळीस शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर पाठवले. पण पहिला लेख जितका गाजला तितके उत्तर गाजत नसते. सँटर यांना पुढची कित्येक वर्षे त्या आरोपांशी झुंजावे लागले.

साइट्झ विकले गेले होते का? मला तसे वाटत नाही. शीतयुद्धात घडलेली ती पिढी होती. सरकारी बंधन म्हणजे समाजवादाकडे पहिले पाऊल, ही त्यांची प्रामाणिक धारणा असावी. पैशाने मत विकत घेतले जाते हे आपण सहज बोलतो, पण माझा अनुभव वेगळा आहे. मला १९९४ मध्ये कोणी लाच दिली नाही. पैसा बहुधा तयार मताचा शोध घेतो, किंवा मुकाट्याने सही करणाऱ्याचा, आणि त्याच्या हातात ध्वनिक्षेपक देतो.

गंमत अशी की साइट्झ यांनी वाटलेल्या त्याच सिगारेटच्या पैशातून स्टॅन्ली प्रुसिनर यांच्या प्रयोगशाळेलाही मदत मिळाली होती. मेंदूच्या विचित्र रोगांना कारण होणाऱ्या प्रायॉन नावाच्या प्रथिनांवर ते काम करत होते, आणि १९९७ साली त्यांना नोबेल मिळाले. तेव्हा पैसा कोणाचा एवढेच विचारून काम भागत नाही.

*

मग विरोधी मताचे काय? हवामानशास्त्रात शंका घेणारा प्रत्येक जण कंपनीचा माणूस, असे म्हणायची आता सवय लागली आहे. इतिहास याला साथ देत नाही.

अलाबामा विद्यापीठातले जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर यांनी १९९० साली उपग्रहांच्या नोंदींवरून वातावरणाचे तापमान काढले. त्यात वाढ फारशी दिसत नव्हती. हा खरा, आकड्यांनिशी मांडलेला विरोध होता. १९९८ साली दुसऱ्या गटाने दाखवले की उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येते आणि त्याचा हिशेब यात धरलेला नाही. २००५ साली आणखी एक चूक सापडली, दिवसाच्या वेळेसाठी केलेली दुरुस्ती उलट्या दिशेने झाली होती. क्रिस्टी आणि स्पेन्सर यांनी ती मान्य केली आणि आकडे सुधारले. दर दशकाची वाढ सुमारे ०.०९ अंशांवरून ०.१२ अंशांवर गेली. त्यांचे एकंदर मत बदलले नाही, पण त्यांच्या शंकेमुळे उपग्रहांचे मोजमाप सगळ्यांसाठीच सुधारले.

दुसरे उदाहरण बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांचे. जमिनीवरच्या तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. शहरे वाढल्याने तापमापके गरम हवा मोजत असतील, सोयीच्या नोंदी निवडल्या जात असतील, अशा त्यांच्या शंका होत्या. २०१० साली त्यांनी सगळ्या नोंदी नव्याने तपासायचा प्रकल्प हाती घेतला. त्याला पैसा देणाऱ्यांत तेल व्यवसायातल्या चार्ल्स कोक यांच्या प्रतिष्ठानचे दीड लाख डॉलर होते. विरोधी बाजूचे लोक आनंदात होते. निकाल आला तो असा: जमिनीचे तापमान अडीचशे वर्षांत सुमारे दीड अंश सेल्सिअसने वाढले आहे, आणि ही वाढ जवळजवळ सगळी मानवी कारणांमुळे आहे. २०१२ साली म्युलर यांनी आपले मत बदलल्याचे वर्तमानपत्रात लिहिले. आकडे आणि संगणकाचे सूत्र त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवले होते. निकालावर देणगीदाराचा अधिकार नव्हता.

आपल्याकडची उदाहरणे याहून जवळची आहेत. १९९१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटमधून अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एका अमेरिकी संस्थेच्या हिशेबाला आव्हान दिले. त्या हिशेबाने भारताला सर्वाधिक उत्सर्जन करणाऱ्या पाच देशांत बसवले होते. भातखाचरातल्या मिथेनला आणि मोटारींच्या धुराला एकाच तराजूत तोलायचे का, दर माणशी किती धरायचे, हे त्यांचे प्रश्न. भौतिकीवर त्यांचा आक्षेप नव्हता, वाटणीवर होता, आणि पुढच्या वाटाघाटींत तो आक्षेप टिकला.

आणि २००९ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांनी पर्यावरण मंत्रालयासाठी हिमनद्यांवर अहवाल लिहिला. आयपीसीसीच्या २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतील असे छापले होते. ती तारीख एका पर्यावरणवादी संस्थेच्या प्रकाशनातून आली होती, आणि तिचा मूळ आधार एका मासिकातली मुलाखत. रैना यांच्या अहवालाची मंडळाच्या अध्यक्षांनी आधी हेटाळणी केली. २० जानेवारी २०१० रोजी मंडळाला २०३५ च्या विधानाबद्दल खेद व्यक्त करावा लागला. रैना यांचा काळजीचे कारण नाही असा एकूण सूर मात्र टिकला नाही. २०१९ साली उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून दिसले की २००० नंतर हिमालयातला बर्फ त्याआधीच्या पंचवीस वर्षांच्या दुप्पट वेगाने घटत आहे. एका आकड्यावर ते बरोबर होते, दुसऱ्या निष्कर्षावर नव्हते, आणि दोन्ही गोष्टी तपासूनच कळल्या. चुकीचा आकडा या वेळी कंपनीकडून आला नव्हता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

या सगळ्या शंकांत एक गोष्ट समान आहे. त्या मिटू शकत होत्या. काय सापडले तर आपण माघार घेऊ, हे त्यांत सांगता येत होते. १९९८ च्या आराखड्यातली शंका वेगळ्या जातीची होती. ती मिटली तर आराखडा फसला असता. माझ्या अहवालातले वाक्यही त्याच जातीचे. कोणता पुरावा मिळाला की ते खोडायचे, हे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते.

*

पुढचा इतिहास थोडक्यात. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात बीपी, शेल, फोर्ड एकेक करत आघाडीतून बाहेर पडल्या आणि २००२ साली ती बरखास्त झाली. २००६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने एक्सॉनमोबिलला पत्र लिहून अशा प्रचारसंस्थांना पैसे देणे थांबवा असे सुचवले. देशाच्या विज्ञान अकादमीने कंपनीला असे पत्र लिहावे, हे विरळा. २००८ साली कंपनीने काही संस्थांची मदत बंद करत असल्याचे जाहीर केले.

२०१५ साली, एक्सॉनचे कागद निघण्याच्या काही महिने आधी, हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले विली सून यांचे करार माहिती अधिकाराखाली बाहेर आले. तापमानवाढीचे श्रेय सूर्याला देणारे हे संशोधक. दहा-बारा वर्षांत त्यांना ऊर्जा कंपन्या आणि त्यांच्याशी संबंधित प्रतिष्ठानांकडून बारा लाख डॉलरहून अधिक मिळाले होते, आणि अनेक निबंधांत त्याचा उल्लेख नव्हता. पैशाने आपल्या निष्कर्षांवर परिणाम झालेला नाही, असे त्यांनी सांगितले. ते मनापासूनही असेल. पण कंपन्यांना पाठवलेल्या कागदांत त्यांनी आपल्या निबंधांना ठरल्याप्रमाणे पोचवायचा माल या अर्थाचा शब्द वापरला होता. मी तो शब्द ओळखतो. आमच्याकडे त्याला 'रिपोर्ट निघाला का' असे विचारत.

२०१७ साली जेफ्री सुप्रान आणि नेओमी ओरेस्केस यांनी एक्सॉन व मोबिलचे १८७ कागद तपासले. परीक्षित शोधनिबंधांपैकी ८३ टक्के आणि अंतर्गत कागदांपैकी ८० टक्के मानवी तापमानवाढ मान्य करत होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पैसे भरून छापलेल्या लेखवजा जाहिरातींपैकी मात्र १२ टक्केच ती मान्य करत होत्या. ८१ टक्के शंका व्यक्त करत होत्या. २०२३ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने कंपनीची भाकिते प्रत्यक्षाशी ताडून पाहिली. त्यांतली ६३ ते ८३ टक्के बरोबर निघाली. सवडीचे कागद निवडून हे आरोप केले जातात, असे कंपनीचे म्हणणे आहे. २०१९ साली न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात ती जिंकलीही; गुंतवणूकदारांची फसवणूक सिद्ध झाली नाही. न्यायाधीशांनी निकालात एवढे मात्र लिहून ठेवले की हवामानबदलातल्या वाट्याच्या जबाबदारीतून कंपनीला मोकळे करण्याचा या निकालाचा हेतू नाही.

ब्लॅक समितीपुढे उभे राहिले तेव्हा हवेत दर दहा लाखांत सुमारे ३३४ भाग कार्बन डायऑक्साइड होता. हॅन्सन यांच्या साक्षीच्या वेळी ३५१. रेमंड बीजिंगला बोलले तेव्हा ३६४. कागद बाहेर आले त्या वर्षी ४०१. सगळी वाढ शंकेमुळे झाली असे कोणी म्हणणार नाही. स्वस्त कोळसा, वाढती शहरे, आपलीही विजेची गरज, सगळे त्यात आहे. पण लवकर निर्णय घेता आला असता अशी काही वर्षे त्या शंकेने खाल्ली, आणि वर्षे परत मिळत नाहीत.

*

भाचीला मी जानेवारीत फोन केला. म्हटले, पैसा कोळशाचा आहे की सूर्याचा हे नंतर बघू, आधी कराराचा कागद वाच. निकाल छापण्यापूर्वी कंपनीला दाखवावा लागेल का? नको म्हणायचा हक्क तिला आहे का? तुझे आकडे तुला खुले करता येतील का? पैसा कोणी दिला हे निबंधात छापता येईल का? ही उत्तरे नीट असतील तर घे. सरकारी पैसा असला तरी हेच प्रश्न विचार.

करारात एक कलम निघाले: प्रकाशनापूर्वी कंपनीची लेखी संमती आवश्यक. विभागात ते कोणी वाचलेच नव्हते. ते काढावे असे तिने आणि तिच्या मार्गदर्शकांनी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि शिष्यवृत्तीही.

त्याच फोनवर मी तिला १९९४ ची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "त्या विहिरींचं पुढे काय झालं?"

मी सांगितले की अकरा वर्षांनी त्या गावांना दुसरीकडून नळाचे पाणी मिळाले.

"आणि मधली अकरा वर्षं?"

लोक विहिरीचेच पाणी पीत होते, मी म्हणालो. माझ्या अहवालाची प्रत घरातल्या लोखंडी कपाटात आहे. पुढच्या वेळी बडोद्याला आलीस की दाखवतो.